पाण्याचे तुकडे

नाना,

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. मी हे घरात बसून लिहिते आहे. समोर तुमचा ओटा दिसतो. ओट्याच्या पलीकडे एरवी पाणी असतं, पण या दिवसांत धरण इतकं ओसरलं आहे की आधी भेगाळलेली जमीन लागते आणि पाणी त्याच्या बऱ्याच पुढे आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "गेलंय थोडं लांब, येईल."

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मॅडमनी मला काहीतरी लिहायला सांगितलं आहे. मी म्हटलं, मला लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, ज्याच्याशी बोलायचं राहिलं त्याच्याशी बोल. म्हणून हे तुमच्याशी बोलते आहे. वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की तुम्ही माझे चुलते, अप्पांचे थोरले भाऊ. आपलं घर धरणाच्या अलीकडच्या काठाला आणि फुलांचा मळा पलीकडच्या. रस्त्याने जायचं तर पूर्ण वळसा पडतो. तुमच्या होडीतून मात्र हातातला चहा गार व्हायच्या आत माणूस पलीकडे. आपली सगळी फुलं, सगळी भाजी वर्षानुवर्षं तुमच्याच होडीतून अलीकडे आली आणि इथून टेम्पोने नाशिकच्या बाजारात गेली.

आता तो शब्द.

जानेवारीत मॅडमनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक इंग्रजी विशेषण दिलं होतं. त्याचा अर्थ लिहायचा, ते कुठून आलं ते शोधायचं आणि स्वतःच्या अनुभवातलं एक वाक्य त्यात घालायचं. माझ्या चिठ्ठीवर ‘चॉपी’ हा शब्द होता. खडबडीत पाण्याचं विशेषण. शब्दकोशात दिलं होतं, आखूड, तुटक, अनियमित लाटा असलेलं. मॅडमनी विचारलं, "असं पाणी तुमच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिलंय?" मी मान खाली घातली. एक मुलगा म्हणाला, त्याने गोव्याला पाहिलंय. सगळे हसले. मग मॅडम पुढच्या चिठ्ठीकडे वळल्या.

मी ते पाणी पाहिलं होतं. तुमच्या होडीत बसून, तीन महिन्यांपूर्वी. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, केव्हा आणि कसं. त्याचं उत्तर मी घरी कोणाला दिलं नव्हतं, तर वर्गात कुठून देणार? मी वहीत वाक्य लिहिलं, की समुद्र चॉपी होता आणि खलाशी घाबरले. नाना, मी समुद्र अजून पाहिलेला नाही.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमच्या शेजारी ओट्यावर बसले. दुपार कलत होती, धरणावर वारं सुटलं होतं. मी विचारलं, "नाना, असं पाणी असतं त्याला आपण काय म्हणतो? मी ‘खवळलेलं’ असं लिहिलंय."

"खवळतो तो समुद्र," तुम्ही म्हणालात. "आपलं पाणी खवळत नाय. बघ ना. त्याचे तुकडे पडलेत."

मी बघितलं. खरंच, लाटा एकामागून एक येत नव्हत्या. कोणीतरी पाण्याचे लहान लहान तुकडे करून ते एकमेकांवर टाकले होते. मी तुम्हाला सांगितलं, की इंग्रजीतसुद्धा तेच आहे. चॉप म्हणजे घाव घालून तोडणं, लाकडं फोडतो तसं. आधी खलाशी तशा समुद्राला ‘चॉपिंग’ म्हणायचे, मग त्याचं ‘चॉपी’ झालं. मला वाटलं, तुम्ही खूश व्हाल, की तुमचा शब्द आणि साहेबाचा शब्द एकच निघाला. तुम्ही खूश झाला नाहीत. तुम्ही विचारलंत, "तोडतंय कोण?"

"म्हणजे?"

"लाकूड फोडतो माणूस. पाणी कोण तोडतंय?"

"वारा."

"मग शब्द वाऱ्याला लावायचा. पाण्याला कशाला? पाणी बिचारं जागेवरच हाय."

मी म्हटलं, शब्द असाच आहे, आपण काय करणार. तुम्ही म्हणालात, मॅडमला सांग, शब्द चुकीच्या माणसाला चिकटवलाय. मी म्हटलं, लाटा तर पाण्याच्याच असतात ना. तुम्ही म्हणालात, वारं पडू दे, मग दाखव कुठं हायत लाटा. आपला वाद तिथेच राहिला, कारण मोठीआईने, माझ्या चुलतीने, चहासाठी हाक मारली.

शब्दकोशातली एक गोष्ट मात्र तुम्हाला अजिबात पटली नव्हती. त्यात ‘लहान लाटा’ असं होतं. तुम्ही म्हणालात, "लिहिणारा काठावर बसलेला दिसतोय. मोठी लाट होडीला उचलती अन् ठेवती. बारकी उचलती अन् आपटती. परत उचलायच्या आत दुसरी येती." मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला तर माहितीय."

मला माहीत होतं.

आता मी ते लिहिते, नाना. तुम्ही नको म्हणाला होतात, पण तुम्ही घातलेली मुदतही संपली आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण दोघं पलीकडच्या मळ्यात होतो. झेंडू सकाळीच तोडून झाला होता, अप्पा टेम्पो बघायला अलीकडे आले होते. चार वाजता माझी गंगापूर रोडला कॉलेजात तोंडी परीक्षा होती. तुम्ही क्रेट मोजून म्हणालात, "दोन खेपा." मी म्हटलं, दोन खेपांत माझी बस जाईल. तुम्ही म्हणालात, "मग आधी तुला सोडतो, फुलं मागून." मी म्हटलं, तोवर फुलं उन्हात मरतील, अप्पा मलाच बोलतील. तुमचा एक नियम होता, माल होडीच्या काठाच्या वर दिसता कामा नये. दोन थर, त्याच्यावर तिसरा नाही. तो नियम मला लहानपणापासून पाठ होता.

तुम्ही विहिरीवरची मोटर बंद करायला गेलात. मी दोन थरांवर अजून दोन थर चढवले. झेंडू सुकू नये म्हणून गोणपाट पाण्यात बुडवून वरून झाकलं आणि दोरीने करकचून बांधलं, आपण टेम्पोत बांधतो तसं. मी सगळा विचार फुलांचा केला. होडीचा एकदाही केला नाही. शेतातल्या माणसाची चूक केली मी, फुलं ताजी राहिली पाहिजेत यापुढे दुसरं काही सुचलंच नाही. ओल्या गोणपाटाने वजन किती वाढतं आणि एवढी उंच झाकलेली थप्पी वाऱ्यापुढे भिंत होते, हे मला काठावर उभं राहून कसं दिसणार होतं?

तुम्ही आलात. थप्पी बघितलीत. माझ्याकडे बघितलंत, माझ्या खांद्यावरच्या बॅगकडे बघितलंत. मी अजूनही त्या क्षणापाशी अडकते. तुम्ही नाही म्हणू शकला असतात. वरचे दोन थर उतरवायला पाच मिनिटं लागली असती. तुम्ही फक्त म्हणालात, "मधी बस. उठायचं नाय."

अर्ध्यात गेल्यावर वारं फिरलं. डोंगराकडून आलं आणि एका बाजूने थप्पीवर बसलं. होडी आडवी व्हायला लागली. मला आठवतं ते पाण्याचं जवळ येणं. उजव्या बाजूचा काठ खाली गेला आणि पाणी माझ्या गुडघ्याशी आलं, मग परत गेलं, मग परत आलं. खालून कोणी हातोडीने ठोकत असल्यासारखा होडीचा तळ वाजत होता. तुम्ही म्हणालात, "मने, दोरी सोड." आवाज जराही वाढवला नाही. मी गाठ सोडायला गेले. भिजून ती फुगली होती. माझीच गाठ मला सुटेना. नखं तुटली. तुम्ही वल्हं काखेत दाबलंत, डाव्या हाताने पाणवनस्पती कापायचा विळा उचललात, एका ओढीत दोरी तोडलीत आणि पायाने वरचे क्रेट पाण्यात ढकललेत. एक, दोन, मग सगळी वरची रांग. गोणपाटही गेलं.

मला वाटलं, आता घराकडे वळणार. तुम्ही नाही वळलात. होडीचं नाक वाऱ्यात घातलंत, डोंगराकडे, घराकडे पाठ करून. मी ओरडले, "नाना, घर तिकडंय." तुम्ही म्हणालात, "घर कुठं जात नाय. खाली बस." आणि वाऱ्याला आपल्याला मागे नेऊ दिलंत. नाक तेवढं वाऱ्यातून हलू दिलं नाहीत. एक वल्हं, एक हात; दुसऱ्या हाताने उरलेले क्रेट धरून ठेवले होतेत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. आजूबाजूला सगळीकडे आपला झेंडू होता. पाण्याच्या प्रत्येक तुकड्यावर फुलं, वर येत होती, दिसेनाशी होत होती, परत वर येत होती. मी फुलांकडे बघत राहिले, कारण पाण्याकडे बघवत नव्हतं.

आपण घरापासून लांब, खाली बाभळींच्या काठाला लागलो. तुमचे हात थरथरत होते. ते मी पाहिलं तेव्हा तुम्ही ते मांडीखाली घातलेत आणि म्हणालात, "पळ. बस गाठ."

आणि मी पळाले, नाना. हे मला सगळ्यात जास्त लागतं. मी तुम्हाला तिथे भिजलेलं सोडून पळाले. परीक्षेला अर्धा तास उशिरा पोचले. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती आणि ओढणीला पिवळ्या पाकळ्या चिकटल्या होत्या. मी पास झाले.

संध्याकाळी घरी आले तर गोष्ट आधीच ठरून गेली होती; अलीकडच्या काठावरून कोणीतरी होडीतले चार थर पाहिले होते. तुमचा मुलगा, बाळूदादा (तो तुम्हाला अण्णा म्हणतो), सातपूरच्या कंपनीतून पाळी संपवून आला होता. तो ओट्यासमोर उभा होता, तुम्ही खाली बसला होतात. दादा म्हणत होता, "चार थर? अण्णा, चार थर लावले तुम्ही? डोळे गेले का हात गेले? मनी होती आत. ती बुडाली असती तर मी काकाला तोंड दाखवलं असतं का?"

तुम्ही म्हणालात, "बरं."

"बरं काय? हात राहिला नाही तुमचा आता, मान्य करा."

तुम्ही मला दारात बघितलंत. मी तोंड उघडलं होतं, ते तुम्हाला दिसलं. तुम्ही म्हणालात, "मने, आत जा, चहा टाक." मी आत गेले. चहा टाकला. दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि दादाने दोन माणसं लावून होडी घरामागे उलटी करून ठेवली. वल्हं गोठ्यात आढ्याला अडकवलं, तुमचा हात पोचणार नाही इतकं वर. तेव्हापासून फुलं वळसा घालून टेम्पोने यायला लागली. गावात लोक हसले. दूध घालायला आलेला एकजण म्हणाला, "नाना, औंदा धरणाला तोरण बांधलं म्हणं." तुम्ही त्याला म्हणालात, "मग. सणाला नको का?" तो हसला, तुम्हीही हसलात. मी खिडकीच्या आत होते.

तुम्ही गप्प का राहिलात ते मला जानेवारीत त्याच ओट्यावर कळलं, चहा झाल्यावर. मी म्हटलं, "मी दादाला सांगते. आत्ताच सांगते." तुम्ही म्हणालात, "नाय सांगायचं."

"का पण?"

"तुझा बाप तुला बारावीनंतर बसवणार होता. मी भांडून पाठवलं. आता तू परीक्षेच्या घाईपायी होडी बुडवत होतीस असं त्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज बंद. तो तर कारणच शोधतोय."

"पण तुमची होडी बंद केली ना त्यांनी."

"माझी करू दे. मी कितीदा पाणी ओलांडलंय, मोजलंय का कोणी? तुझं अजून एकदाबी झालं नाय."

मी रडायला लागले. तुम्हाला रडणं आवडायचं नाही, म्हणून तुम्ही घाईने सौदा केलात. "वर्षाची परीक्षा होऊ दे. शेवटचा पेपर झाला की सांग. मग मी वल्हं मागून घेतो बाळूकडून." मी हो म्हटलं. मला तेव्हा हायसं वाटलं, हेही लिहायला हवं. मला चार महिने मिळाले होते.

त्या चार महिन्यांत मी रोज बॅग घेऊन तुमच्या समोरून गेले. तुम्ही रोज विचारायचात, "आज कोणता शब्द?" मी एखादा सांगायचे. पावसाळ्यातले, झाडांचे, माणसांच्या स्वभावांचे. दुपारी मी लवकर आले तर तुम्ही पाण्याकडे बघत बसलेले असायचात. तुमचा उजवा हात मांडीवर थोडासा हलायचा, पुढे आणि मागे. मोठीआईला वाटायचं, हात कापतोय. तिने दादाला सांगितलं, डॉक्टरला दाखव. हात कापत नव्हता. समोर वारं बदललं की तुमचा हात बदलायचा. मी ते ओळखलं होतं आणि तेही बोलले नाही.

शेवटचा पेपर शुक्रवारी झाला. घरी आले तर पाहुणे होते. शनिवारी दादाची पाळी होती. मी म्हटलं, रविवारी सांगू, निवांत. तुम्ही शनिवारी जेवताना माझ्याकडे दोनदा बघितलंत. मी मान हलवली, उद्या. रविवारी सकाळी तुम्ही ओट्यावरच्या अंथरुणातून उठला नाहीत. मोठीआई चहा घेऊन आली होती आणि तुम्हाला हाका मारत होती. मी उठून बाहेर आले तेव्हा तिने कप ओट्याच्या कडेला ठेवला होता.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मी ग्रंथालयात पुस्तकं परत करायला गेले होते. तिथे जाड शब्दकोश असतो, बाहेर न्यायला देत नाहीत. मी उगाच ‘चॉप’ काढला. नाना, तिथे अजून एक ‘चॉप’ आहे. तोडण्याचा नाही, वेगळा. एकाएकी बदलणं, उलटणं, आणि तो बोटीवरची माणसं वाऱ्यासाठी वापरायची. वारा चॉप झाला, म्हणजे फिरला. त्याचं मूळ म्हणे देवाणघेवाणीच्या कुठल्यातरी जुन्या शब्दात आहे. ‘चॉपी’ तोडण्यातूनच आला असं बहुतेक पुस्तकं म्हणतात, त्यामुळे वाद तुम्ही जिंकलात असं मला खात्रीने म्हणता येत नाही. पण वाऱ्यालाही शब्द आहे. पाणी एकटंच नावाखाली अडकलेलं नाही. मी वहीत लिहून घेतलं आणि सवयीने मनात म्हटलं, घरी गेल्यावर सांगते.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादा घरामागे उभा होता. होडी विकायची म्हणत होता, कोणीतरी बघून गेलं होतं. म्हणाला, "अण्णाच नाहीत, आता कोण चालवतंय. अन् शेवटी शेवटी त्यांनाही जमत नव्हतं."

मी म्हटलं, "दादा, थर मी लावले होते."

त्याला आधी कळलंच नाही कशाबद्दल. मग मी सगळं सांगितलं. मोटर, गोणपाट, गाठ. तो होडीच्या तळाला वाळलेला गाळ नखाने खरवडत राहिला.

"आठ महिने," तो म्हणाला.

"हो."

"आठ महिने मी त्यांना ओट्यावर बसवून ठेवलं, मने. अन् तू समोरून बॅग घेऊन जात होतीस."

"हो."

"त्यांनी मला सांगायचं ना."

"ते माझ्या कॉलेजसाठी..."

"गप बस तू."

तो गोठ्यात गेला. मला वाटलं, आता अप्पांना बोलावणार. माझा पुढच्या वर्षाचा फॉर्म अजून भरायचा आहे, तुम्हाला माहीत आहे. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात वल्हं होतं. ते त्याने उलट्या होडीवर आडवं ठेवलं आणि त्याच्याकडे बघतच विचारलं, "विळा कुठल्या हातात होता?"

"डाव्या."

"अन् वल्हं?"

"काखेत दाबलं होतं."

"काखेत." त्याने वल्हं उचलून स्वतःच्या काखेत धरून बघितलं. ते घसरलं. त्याने परत धरलं. "अन् नाक कुठं होतं होडीचं?"

"डोंगराकडं. घराकडं पाठ केली होती त्यांनी. मी ओरडले तरी वळले नाहीत."

"एका हातानं?"

"एका हातानं. बाभळीपर्यंत."

दादा बाभळींच्या दिशेने बघत राहिला. आता तिथे पाणी नाही, नुसता उतार दिसतो. किती लांब आहे ते त्यामुळे जास्तच कळतं.

त्याने मला माफ केलं असं मी लिहिणार नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. अप्पांना त्याने सांगितलेलं नाही. ते या अंकातून कळेल. अप्पा वाचत नाहीत, पण गावात कोणीतरी वाचून दाखवेल, आणि त्याआधी मी स्वतः सांगावं हे मला समजतं आहे. आज संध्याकाळी ते मळ्यातून आले की सांगणार आहे. उद्या म्हणणार नाही.

पण त्या दिवशी घरामागे दादा खाली बसला, होडीला टेकून, तुमच्यासारखाच हात मांडीखाली घालून. म्हणाला, "परत सांग." मी परत सांगितलं. वारं फिरलं तिथून, कारण मला वाटलं त्याला तेवढंच हवं असेल. तो म्हणाला, "तिथून नाय. पहिल्यापासून." म्हणून मी तिसऱ्यांदा सुरुवात केली, नाना. तुम्ही दोन खेपा म्हणालात, मी एक म्हटलं, आणि तुमची पाठ वळल्यावर दोन थरांवर मी अजून दोन थर चढवले.